मातीनं घेतलंच नाही

निलव्वाला जिवंतपणीच आपली जागा बघायची होती. म्हणून तिचा मुलगा बसलिंग बापाच्या समाधीला लागून खड्डा खणत होता. खोऱ्यावर शेणखत आलं. त्याच्या लहानपणी टाकलेलं, अजून हिरवं आणि ओलं. जमिनीतून हवा तापवणारा वायू सुटू नये म्हणून शिवारभर जीवाणू सोडले, तेव्हापासून मातीत काही कुजतच नव्हतं. गावाला त्याबद्दल ढालसुद्धा मिळाली होती.

एवढ्यात मधली माती ढासळली.

पलीकडे सांबाप्पा मांडी घालून बसले होते. लिंगायतांच्या रीतीनं बसवून पुरलं तेव्हा ऐन पस्तिशीचे होते, अजूनही पस्तिशीचेच. गळ्यातला झेंडू पिवळाधमक.

पिकल्या मिशीच्या बसलिंगनं टोपी काढली. "आव्वा, ह्यांना आप्पा म्हणू, का बाळा?"

निलव्वा वाकून बघतच राहिली. "आपण माती दिली रे. मातीनं घेतलंच नाही."

"मग तुझी जागा दुसरीकडं खणू?"

"दुसरीकडं कशाला? ह्यांच्याच शेजारी." तिनं आपल्या सुरकुतलेल्या गालावरून हात फिरवला. "पण आता मी एकदा बसले की कायमचं अशीच बसायचं. खड्डा बुजव आज. आन् उद्या बाजारातून काळी मेंदी आण."