टेम्पोत न मावणारे झाड

पाडव्याच्या सकाळी हेरंबराव अंगणात बसून नव्या वर्षाच्या बागेचा बेत आखत होते. नलिनीबाईंच्या बदल्यांपायी त्यांची बाग आजवर कुंड्यांतूनच गावोगाव हिंडली होती. टेम्पोत मावेल तेवढेच लावायचे, हा घरचा नियम. आता अंगण स्वतःचे होते, पण बाईंना बढती मिळाली की पुन्हा बदली ठरलेली.

"यंदा मोगरा, पुदिना, मिरच्या," ते म्हणाले.

"आणि फणस," स्वयंपाकघरातून नलिनीबाईंचा आवाज आला.

"फणस कुंडीत लावू का, बाईसाहेब? फळ धरायला सात-आठ वर्षे लागतात."

"लागू देत. बढती नको म्हणून कालच कळवलंय मी."

हेरंबरावांनी चपला काढल्या. अनवाणी टाचेने खुणा करत ते अंगणभर भिरभिरले. इथे फणस, तिथे रायवळ आंबा, कुंपणाशी सोनचाफा. टाच रुतेल तिथे त्यांना सावली दिसू लागली.

"अहो, कपडे वाळण्यापुरतं तरी ऊन ठेवा मला," नलिनीबाई दारातून हसल्या.

प्रत्येक बदलीत मांडीवर धरून आणलेली कढीपत्त्याची कुंडी हेरंबरावांनी उचलली आणि पायरीवर आपटून फोडली. मुळे कुंडीच्याच आकारात गोल गुंडाळली गेली होती. ती बोटांनी सोडवत ते झाडाला म्हणाले, "पसर आता ऐसपैस."