बारा म्हणजे बारा

"नऊच?" डॉ. इलाइसा दौनिवालूंनी चष्मा कपाळावर चढवला. "मंजूर आराखड्यात बारा माणसं आहेत."

"नऊच, सर," समोर उभी असलेली उनाइसी म्हणाली. आवाजात ना विनंती, ना लाज.

सुवा शहरातल्या त्या विद्यापीठात जीवरसायनशास्त्राची मास्टर्स पदवी घ्यायची तर काय काय लागतं, हे इलाइसा झोपेतून उठवलं तरी घडाघडा म्हणून दाखवत. एकवीस वर्षं ते परीक्षा समितीचे अध्यक्ष होते. स्वतःच्या मेहुण्याला त्यांनी दोनदा नापास केलं होतं, आणि दुसऱ्या वेळी तर तो परीक्षेला बसलाही नव्हता.

उनाइसीच्या कागदावर खुणाच खुणा होत्या. आठ विषय पास. दोन चर्चासत्रं झालेली. प्रबंध बांधून तयार. एकच रकाना मोकळा, प्रयोगातल्या बारा माणसांचा, आणि आज पाच वाजता तिची मुदत संपत होती. त्यानंतर पदवी नाही, नुसता हजेरीचा दाखला.

माणूस रागावला की त्याच्या लाळेत एक विकर चढतं. यंगोना या इथल्या सुस्ती आणणाऱ्या झुडपाची मुळी कुटून, पाण्यात कालवून पाजली की ते उतरतं, असा तिचा दावा होता.

"रागावलेली माणसं मिळत नाहीत, सर. आमच्या कंदावू बेटावर बोट दोन दिवस उशिरा आली की लोक चिडतात. पण मी लाळ टिपायचा कापूस घेऊन धक्क्यावर पोचेपर्यंत गाणी म्हणायला लागलेले असतात."

"मग विषय बदलायचा होतास," दुसऱ्या परीक्षक डॉ. रोहिणी मुदलियार म्हणाल्या.

"तुमच्यासारखा, मॅडम? तुमचा प्रबंध वाचला मी. आभाराचं पान फार छान आहे."

मुदलियारबाईंच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिसरे परीक्षक हार्ग्रीव्ह न्यूझीलंडहून आलेले. ते खाकरले. "तोंड सांभाळून बोल जरा."

"अकरा वर्षं झाली सर तुम्हाला इथं. अजून चटईवर यजमानाकडे पाय करून बसता. आमची म्हातारी माणसं बोलून दाखवत नाहीत, एवढंच."

"उनाइसी!" इलाइसांनी टेबलावर हात आपटला. "पदवी मागायला आलीयस की भांडायला?"

"मागायला नाही, सर. घ्यायला. तुमच्या वेळी किती माणसं लागायची हो प्रयोगाला?"

"वीस!"

"त्यातली खरी किती?"

इलाइसांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकवीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"हिची पद्धतच बोगस आहे!" मुदलियारबाई कडाडल्या. "दोन मिनिटं जिभेखाली कापूस म्हणे! संतापलेला माणूस ठेवील? थुंकून देईल!"

"ठेवून बघा ना."

"आण इकडे!"

"थांबा!" इलाइसा गरजले. "आधी संमतीपत्र. सहीशिवाय या इमारतीत कुणाच्याही तोंडात कापूस जाणार नाही."

परीक्षकांनी पद्धत स्वतः तपासून पाहावी, असं नियमावलीत कलम होतंच. तिघांनी कागदाला भोकं पडतील अशा सह्या ठोकल्या. मग दोन मिनिटं त्या खोलीत तीन विद्वान गाल फुगवून एकमेकांकडे डोळे वटारत बसले. उनाइसीने त्या लाळेत विकर मोजायच्या पट्ट्या बुडवल्या; विकर जितकं जास्त, तितका रंग गडद. तिन्ही गडद निळ्या झाल्या.

"चालते पद्धत," हार्ग्रीव्ह नाइलाजाने पुटपुटले.

"मग आता रीतसर मागते." उनाइसी जमिनीवर मांडी घालून बसली आणि तिने यंगोनाच्या मुळांची जुडी इलाइसांपुढे सरकवली.

"परीक्षेच्या खोलीत यंगोना?"

"कुठल्या नियमात मनाई आहे, सर?"

इलाइसांनी नियमावली पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली. सिगारेटला मनाई होती. कोंबड्या आणायला मनाई होती. यंगोनाचं नाव नव्हतं. आणि काही मागायला दारात आलेल्याची मुळी नाकारायची नसते. यंगोना कालवलेली लाकडी परात रिकामी होईपर्यंत त्याला उत्तरही द्यायचं नसतं. हे कुठल्या नियमावलीत नव्हतं, पण इलाइसांच्या हाडात होतं. ते खुर्चीवरून उतरले. मागोमाग दोघं उतरले.

उनाइसीने पिशवीतून परात आणि कुटलेली पूड काढली, पाण्यात कालवली, गाळली. एक टाळी, करवंटीभर यंगोना एका दमात पोटात, मग तीन टाळ्या. दुसरी फेरी झाली. चौथी झाली. जीभ जड झाली. सहाव्या फेरीला मुदलियारबाई लेकीच्या लग्नातल्या जेवणाबद्दल सांगत होत्या आणि हार्ग्रीव्हनी कुणी न सांगता पाय आत ओढून घेतले होते.

"एक शंका," हार्ग्रीव्ह गोडीने म्हणाले. "याने तोंड बधिर होतं. मग कापसाला लाळ मिळते का?"

"बघा की, सर."

"त्याच संमतीपत्रात हे बसतं," इलाइसांनी हसत निर्वाळा दिला आणि स्वतःच आधी तोंड उघडलं.

या वेळच्या पट्ट्या धुऊन धुऊन विटलेल्या शर्टासारख्या फिकट निघाल्या.

परात रिकामी झाली. आता उत्तर द्यायला हवं होतं.

"पोरी," इलाइसा मऊ आवाजात म्हणाले, "तुझी मुळी मी घेतली. तुझी हिंमतही आवडली. पण बारा म्हणजे बारा. पाचला दहा मिनिटं उरलीत. एवढ्यात कुठून आणशील गं तू चिडलेली माणसं?"

"सर, एवढी नोंद तपासता?"

तिने वही उघडली, तिघांची नावं लिहून तीन ओळी भरल्या, शेजारी सहा पट्ट्या मांडल्या, सह्यांचे कागद जोडले आणि वही त्यांच्याकडे फिरवली. दहा. अकरा. बारा.

तिघांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

एकालाही राग आला नाही.