आपापली हजेरी

"नियम पहिला," नवे गुरुजी म्हणाले आणि थांबले, कारण पहिला नियम त्यांना आठवेना.

दादानं सकाळी फोनवर सगळं सांगितलं होतं. पहिल्या दिवशी पोरांना नियम घालून द्यायचे, म्हणजे वर्षभर घसा कोरडा पडत नाही. नोकरी लागली तेव्हा याच दादानं अख्ख्या जळकोटात पेढे वाटले होते. नळदुर्गला हायवेवर त्याचा ढाबा होता आणि त्याला श्वास घ्यायला वेळ नव्हता, तरी त्यानं फोन केला. अंगातला पांढरा शर्टही दादाचाच. वहिनीनं कडक इस्त्री मारून दिला होता. खांद्यात ढगळ होत होता.

"उशीर करायचा नाही," गुरुजींनी फळ्यावर लिहिलं. "खोटं बोलायचं नाही. दुसऱ्याची हजेरी द्यायची नाही. आपलं नाव, आपलं तोंड."

हे शेवटचं दादानं सांगितलं नव्हतं. ते आपोआप निघून गेलं, आणि निघताच गुरुजींचे कान तापले. कारण अर्धा वर्ग उसना होता.

सकाळी आल्या आल्या मुख्याध्यापिका सत्यभामाबाईंनी त्यांना बाजूला घेऊन सांगून टाकलं होतं. पट कमी पडला तर वस्तीवरची ही शाळा बंद होणार. मग इथली लेकरं रोज हायवे ओलांडून नळदुर्गला जाणार, आणि तिथं ट्रक कुणासाठी थांबत नाहीत. आज तालुक्याचे साहेब डोकी मोजायला येणार होते. म्हणून बाईंनी भावाच्या इंग्लिश शाळेतली पोरं जीपमध्ये घालून आणली होती. गाव सोडून गेलेल्या पोरांची नावं त्यांना वाटून दिली होती. त्यातला एक जण वर्गात येताना 'मे आय कम इन' म्हणाला, तेव्हा बाईंनी त्याला पुन्हा बाहेर पाठवून 'येऊ का बाई' म्हणायला लावलं.

पहिल्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. तिचं नाव शिवांजली. आजच्यापुरती ती इरम्मा होती.

"सर, दुसऱ्याची हजेरी दिली तर काय होतं?"

"पाप लागतं."

"बाईंनी मला इरम्मा केलंय. मग पाप मला का बाईंना?"

"वाटून," गुरुजी म्हणाले. "बस खाली."

ती बसली, पण हिशोब पटल्यासारखी दिसली नाही.

"दिग्विजय सर," दारातून बाईंनी हाक मारली. गुरुजी नियमांखालचा फळा पुसत होते, पुसायला काही नव्हतं तरी पुसत होते. "दिग्विजय सर. अहो, दिग्विजय सर."

तिसऱ्या हाकेला ते दचकून वळले.

"सोलापूरला कान दाखवून या एकदा," बाई म्हणाल्या. "साहेब आले."

साहेब काळा चष्मा लावून आले. खुर्ची दिली तर तिच्याशेजारी उभे राहिले. दोनदा सांगितल्यावर टोकावर टेकले. चहा घेतला, मग उठून नळावर आपला कप विसळून पालथा घातला. बाईंचाही विसळला.

"इतका साधा माणूस म्या बघितला न्हाय," बाई गुरुजींच्या कानात म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

साहेब फार बोलले नाहीत. "बरं," म्हणाले. "घ्या हजेरी," म्हणाले.

बाई एकेक नाव घेऊ लागल्या. वस्तीवरची पोरं ठणठणीत 'हजर' म्हणाली.

"इरम्मा."

शिवांजली उठली. तिनं फळ्याकडं पाहिलं. मग गुरुजींकडं पाहिलं. गुरुजींनी छताच्या पत्र्याकडं पाहिलं. हजर म्हण माय, ते मनात म्हणत होते. एवढ्या बारीला म्हण.

"मी शिवांजली," ती म्हणाली. "इरम्मा आली नाही."

मागून एक जण उठला. "मी उत्कर्ष. कोंडीराम आला नाही." मग उसनी पोरं एकामागून एक उठत गेली, आणि कोण कोण आलं नाही ते सांगत गेली.

बाईंनी पदर तोंडाला लावला. मग काढला.

"चूक माझी हाय, साहेब. लेकरांना हायवे ओलांडायला लागू नये म्हणून केलं. शिक्षा मला द्या, शाळा तेवढी राहू द्या."

साहेबांनी चष्मा काढला. तो कुठं ठेवावा ते त्यांना कळेना.

"बाई, म्या मल्लेश. हापिसातला शिपाई. साहेब मेव्हण्याच्या पोराच्या जावळाला गेलेत तुळजापूरला. मला म्हणले, माझा चष्मा घाल अन् कमी बोल." त्यानं खाली बघत शिवांजलीकडं बोट केलं. "ह्या लेकरापुढं न्हाय निभत."

त्यानं चष्मा घडी करून खिशात घातला.

"खरे साहेब सोमवारी येत्याल," मल्लेश म्हणाला. "रानातल्या झोपड्यांवर लई पोरं हायती, कुणाच्याच पटावर न्हाईत. तवर फिरून गोळा करा. म्या काय बघितलं न्हाय."

बाईंना हसू आलं आणि रडूही आलं. त्या गुरुजींसमोर हात जोडून उभ्या राहिल्या.

"हे तुमच्यामुळं, सर. आम्ही इतकी वर्षं शिकवतोय. पण पोरं खरी वागली ती तुमच्या पहिल्या दिवशी."

मल्लेश तर गुरुजींच्या पायाच पडायला वाकला. गुरुजींनी पाय मागं घेतले. शर्ट त्यांना सकाळपेक्षा मोठा होत होता.

"बाई," शिवांजलीनं पुन्हा हात वर केला, "सरांची हजेरी राहिली."

पोरं हसली. मल्लेशही हसला.

"व्हय की," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "आज सगळ्यांची झाली, सरांचीबी होऊ द्या." आणि त्यांनी खणखणीत आवाजात पुकारलं, "दिग्विजय गुरुजी?"

नवे गुरुजी फळ्याकडं वळले. तिथलं अक्षर त्यांचंच होतं. मग त्यांनी मान खाली घातली.

"दादा आला नाही," ते म्हणाले.