अण्णांचं मत

झेंडूचा हार. गरम पाण्याची पिशवी. निळ्या शाईची बाटली. कुणीतरी मागवलेला कटिंग चहा.

विद्युतदाहिनीचं दार उघडत नव्हतं. मतदानाच्या आठवड्यात बोटावर शाई असल्याशिवाय ते कुणासाठीच उघडत नसे, आणि हेमाचे वडील, अण्णा, मत न देताच गेले होते.

"दाराशेजारच्या मतदान यंत्राला गार बोट चालत नाही, ताई," दाहिनीचा ऑपरेटर म्हणाला. "शेकून घ्या. सगळेच घेतात."

दिनूमामांनी पिशवी अण्णांच्या तर्जनीभोवती गुंडाळली. "कुठलं बटण दाबू गं, हेमा?"

"मामा, नको ना. सक्ती झाली म्हणून अण्णांनी मत देणं सोडलं. त्यापायी पेन्शन गेली, तरी बधले नाहीत."

"मग ने त्यांना परत घरी, ठेव दिवाणखान्यात! अगं, कर्तव्य आहे, उरकून टाकू."

मागच्या तिरडीवरचंही बोट कुणीतरी शेकायला घेतलं होतं. शेकणारा दुसऱ्या हाताने चहा पीत होता. हेमाने मान फिरवली आणि होकारार्थी हलवली.

मामांनी ते उबदार बोट पहिल्याच बटणावर टेकवलं. "जागरूक नागरिका, आभार," यंत्र गोड आवाजात म्हणालं. ऑपरेटरने बोटाला शाई लावली. दार उघडलं.

मतदान ऐच्छिक होतं तोवर अण्णांनी एकही निवडणूक चुकवली नव्हती.