लांबून कोणी येत नाही

"पण मुलांना मारता कशाला?" तिने विचारलं, आणि विचारताना तिचा आवाज नको तेवढा चढला.

कराटेच्या सरांनी हातातली छडी लपवली वगैरे नाही. आत्ताच त्यांनी ती एका मुलाच्या पोटरीवर सपकन ओढली होती, कारण त्याचं पाऊल वाकडं पडलं होतं. "शिस्त, ताई," ते म्हणाले. "आम्हीही असेच घडलो." त्यांच्यामागे काचेच्या कपाटात इतके चषक होते, की भांड्यांचं दुकान वाटावं.

तिचे कान तापले. ती वळली आणि जिना उतरली. टिल्ली, तिची नऊ वर्षांची मुलगी, थोडं अंतर ठेवून मागून आली.

परक्या माणसावर एवढं डाफरायचं आपल्याला काय नडलं होतं, असं तिला रस्त्यावर आल्यावर वाटलं. दातांच्या दवाखान्यात ती पुढच्या नावनोंदणीच्या टेबलाशी बसायची. रडून आकांत मांडणाऱ्या पोरांना असं गोड बोलून खुर्चीपर्यंत न्यायची, की डॉक्टर म्हणायचे, "तुमची मुलगी नशीबवान हो!" त्यावर ती हसायची आणि मग बराच वेळ कॉम्प्युटरमध्ये डोकं खुपसून बसायची.

"तुला हा क्लास नाही आवडला का गं?" टिल्लीने विचारलं.

"नाही. तो मारतो."

टिल्लीने दप्तर दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि आईच्या डाव्या बाजूला आली.

दुसरा क्लास चकाचक होता. भिंतभर आरसे, खाली निळी गादी. तिथला तरुण प्रशिक्षक आत्मविश्वास, एकाग्रता आणि व्यक्तिमत्त्व विकास एका दमात विकत होता. त्याने हवेत एक झकास लाथ मारून दाखवली. "समोरचा धावून आला, की ही अशी!"

"जागा नसेल तर?"

"म्हणजे?"

"म्हणजे मागे फ्रिज असेल. बाजूला भिंत."

तो हसला. "फ्रिज? ताई, हल्ला करणारा लांबून येतो."

"लांबून कोणी येत नाही," ती म्हणाली, आणि बोलून गेल्यावर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टिल्ली खाली वाकून बुटांच्या नाड्या बांधत होती. त्या आधीच बांधलेल्या होत्या.

बाहेर आल्यावर टिल्लीने हळूच विचारलं, "बाबांना सांगायचं नाही ना?"

"आत्ता नको. आधी तुझा क्लास ठरू दे."

तिसरा क्लास एका शाळेच्या मागच्या हॉलमध्ये भरायचा. शिकवणाऱ्या बाई ठेंगण्या, अंगाने रुंद, केस बारीक कापलेले. चषक एकही नव्हता. पालकांना बाकावर बसून बघायची मुभा होती, म्हणून मायलेकी बसल्या. एका मुलीचा पवित्रा चुकला, तेव्हा बाई तिच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि म्हणाल्या, "पायाला हात लावू का तुझ्या?" मुलीने मान हलवल्यावरच त्यांनी पाय सरळ केला.

टिल्लीचं दप्तर तिने बाकाखाली सरकवलं. क्लास ठरला होता.

मुलं घरी गेल्यावर बाई तिच्याजवळ आल्या. "शाळेत कोणी त्रास देतं का हिला?"

"शाळेत नाही."

बाईंनी आवाज खाली आणला. "त्रास देणाऱ्याची उंची केवढी?"

"माझ्याएवढी."

"अंगात जोर?"

"राग आला की येतो. एरवी फार जीव आहे हो तिच्यावर."

"तो सगळ्यांचाच असतो," बाई कोरडेपणाने म्हणाल्या. "आणि नंतर?"

"नंतर रडणं. माफी. दर वेळी हे शेवटचं." तिने नजर जमिनीला लावली होती.

"तुम्ही इथे आलात, हे हिच्या वडिलांना माहीत आहे?"

"नाही."

बाईंनी मान डोलावली. समजायचं ते त्या समजल्या. "ताई, तुम्हीही शिका. तुमच्यासारख्या बऱ्याचजणी येतात माझ्याकडे."

"मला नको," ती घाईघाईने म्हणाली. "मला यातलं काही शिकवू नका."

"अहो, लाज कसली? लाज मारणाऱ्याला वाटायला हवी."

"हो," ती म्हणाली.

बाईंनी मग टिल्लीला समोर घेतलं. मनगट धरू का, असं विचारून धरलं. "पकड कितीही घट्ट असू दे, अंगठा आणि बोटं भेटतात तिथे ती कच्ची असते. हात त्या फटीकडे फिरव आणि कोपर अंगाशी ओढ." टिल्लीने हात फिरवला. तो सटकन सुटला. ती खुदकन हसली. तिने पुन्हा करून बघितलं, पुन्हा सुटला. पोरगी इतकी मोकळी हसलेली आईने बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती.

"छान! आता आईबरोबर," बाई म्हणाल्या. "ताई, लुटुपुटूचा नको हं. घरी हात धरला जातो, तस्सा धरा."

ती बाकावरून लगेच उठली नाही. मग उठली, तळवा कपड्याला पुसला आणि पुढे होऊन टिल्लीचं मनगट गच्च धरलं.

टिल्लीचे डोळे गपकन मिटले. मान खांद्यांत गेली आणि मोकळा हात आपोआप कानावर आला.

"अगं वेडे, आईच आहे," बाई हसून म्हणाल्या. "उघड डोळे."

टिल्लीने डोळे उघडले नाहीत. बाईंचं हसू तोंडावरच राहिलं.

ती पोरीसमोर गुडघ्यांवर बसली. पकड तिने सैल केली नाही.

"मी नेहमी धरते तसाच धरलाय, टिल्ले," ती म्हणाली. "आता सोडवून घे."