शब्द न शब्द

समुद्रपूरच्या गणपतीतल्या संगीत नाटकात कारकून नरहरपंत दरसाल दुष्ट प्रधान व्हायचे, आणि त्यांच्या पदातला एक शब्द कुणाला कळेल तर शपथ! चोपन्न साली मात्र त्यांनी तोंडातलं कायमचं पान सोडलं, रोज पहाटे विहिरीच्या काठी बसून अक्षर अन् अक्षर घासलं आणि प्रयोगात राजाच्या शेजारी उभं राहून खणखणीत स्वगत गायलं, “विष कालविले दुधात या मी, पिउनी राजा मरेल आता!”

मग नेहमीसारखा पेला पुढं केला. राजा झालेले किराणा दुकानदार भैय्याजी मागं सरले.

“मी नाई पेत.”

“अहो, स्वगत होतं ते! तुम्हाला ऐकू येत नसतं,” नरहरपंत कुजबुजले.

“आलं ना आयकू! शब्द न शब्द समजला. इतके साल समजत नव्हता, म्हून तर पेत होतो.”

नरहरपंतांचे डोळे भरून आले. जन्मात पहिल्यांदा त्यांचं पद कुणाला तरी कळलं होतं. त्या आनंदाच्या भरात त्यांनी पेला स्वतःच घटाघटा रिकामा केला, आणि नाटकात लिहिल्याप्रमाणे, दूध पिणारा कोसळला.