पाहिलं तेवढंच

दुसरं कडवं संपायच्या आतच सायराकान आत्याने जाझगुलचं कोपर दाबलं.

"थांब. तुझ्या बापाच्या हातावर ससाणा कधी बसला होता?"

जाझगुल गप्प झाली. तिच्या मागोमाग बाकीच्या बायकांचा सूरही विरला. अंगणात उभारलेल्या लोकरी तंबूत त्या सगळ्या रिवाजाप्रमाणे दाराकडे पाठ करून बसल्या होत्या. डावीकडे पडद्याआड तिच्या बापाचा, कालमुरातचा, देह ठेवला होता. बाहेर काठ्यांवर ओणवून रडणारे पुरुष आता सरळ झाले होते, आणि भेटायला आलेली माणसं चहाकडे वळली होती.

नवा जथा आला की नवा विलाप, आणि तो मेलेल्याच्या लेकीनेच गायचा. जाझगुल वीस वर्षं डोंगरापलीकडच्या शहरात औषधांच्या दुकानात उभी होती. तिला गाणं येत नव्हतं. म्हणून वहिनीने मोबाइलवरून एक विलाप कागदावर उतरवून दिला होता. चाळीस घोड्या, रुपेरी खोगीर, हातावर ससाणा. या खोऱ्यात मेल्यावर प्रत्येकाकडे चाळीस घोड्या होत्या, टपालवाल्याकडेसुद्धा.

आत्याला मात्र पाच गावांतून विलापाला बोलावणं यायचं, आणि दोन गावांतून कधीच नाही. त्यांतल्या एका गावी एका म्हाताऱ्यावर ती दोनच ओळी गायली होती. खऱ्या तेवढ्याच सापडल्या, म्हणाली. आज तिचा सख्खा धाकटा भाऊ गेला होता, तरी तिचा नियम तोच होता.

"मग काय गाऊ?" जाझगुल म्हणाली. काल निरोप आल्यापासून तिच्या डोळ्यांतून टिपूस गळलं नव्हतं, आणि शेजारच्या बायकांनी ते केव्हाच हेरलं होतं. आता यायचे होते ते तिच्या सासरचे लोक. त्यांच्यासमोर आवाज कोरडा राहिला तर शहरात गेलेली लेक बापालाही रडली नाही, हे घाटाच्या दोन्ही बाजूंना कायमचं झालं असतं.

"तू स्वतः काय पाहिलंस?"

पाहिलं होतं ते सांगण्यासारखं नव्हतं, तरी तिने हळूच सांगितलं. बाबा घाटावरच्या हवामान केंद्रात एकतीस वर्षं होते. दर तीन तासांनी बर्फातून जायचे, पांढऱ्या पेटीचं दार उघडायचे आणि तापमान वाचायचे. वाचताना श्वास रोखून धरायचे, कारण माणसाच्या श्वासाने पारा हलतो. आधी दशांश, मग अंश, कारण दशांश लवकर पळतो. लहानपणी जाझगुलही शेजारी श्वास रोखून उभी राहायची.

"हे गा," आत्या म्हणाली.

वहिनीला राहवलं नाही. "आत्या, तापमान कोणी गातं का? नाव जाईल आपलं."

"चाळीस घोड्या ऐकून कोण रडलं आजपर्यंत?"

आत्या पुन्हा जाझगुलकडे वळली.

"आणखी?" आत्याने विचारलं.

आणखी एक होतं, पण ते जाझगुलला नको होतं. तिच्या लग्नाच्या वेळी वरपक्षाच्या गाड्या घाटापलीकडे अडकल्या होत्या. वरच्या कार्यालयातून बाबांना फोन आला: वारा जरा कमी लिही, रस्ता उघडता येईल. बाबांनी होता तेवढाच लिहिला, सेकंदाला चोवीस मीटर. तीन दिवस घाट बंद राहिला आणि लग्नाच्या जेवणाचं मांस वाया गेलं. दरड नाही, हिमलोट नाही, त्या तीन दिवसांत घाटात काही म्हणजे काही झालं नाही. पुढे वीस वर्षं सासरी टोमणा: हिच्या बापाने लेकीचीच वाट अडवली. एकदा चिडून तिने विचारलं होतं, थोडा कमी लिहिला असता तर काय बिघडलं असतं? बाबा बुटातला बर्फ झटकत म्हणाले होते, "मी लिहीन गं कमी. पण वाऱ्याला वाचता येत नाही."

बाहेर कुत्री भुंकली. गाडीची दारं आपटली. पुरुषांनी काठ्यांवर ओणवून आक्रोश सुरू केला, आणि त्यात जाझगुलने सासऱ्यांचा घोगरा आवाज ओळखला.

तिने कागद गुडघ्याखाली सरकवला आणि भिंतीकडे तोंड करून सुरुवात केली. बाबा, तुम्ही श्वास रोखून पारा वाचायचात. उणे अठ्ठावीस लिहिलंत तेव्हा उणे अठ्ठावीसच होतं. चाल अडखळत होती. आत्याने खालून सूर धरला. बाकीच्या बायकांना शब्द ठाऊक नव्हते, त्या ऐकत राहिल्या.

मग ती लग्नाच्या वाऱ्याशी आली. तेही गायली. माझी वरात पलीकडे उभी होती, बाबा, आणि वारा चोवीस होता. तुम्ही चोवीस लिहिलंत. मी तीन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही तीन दिवस, दर तीन तासांनी, चोवीस, तेवीस, चोवीस लिहीत राहिलात.

तिथे तिचा आवाज फुटला. बाहेरचा ठरलेला आक्रोश थांबला होता. त्या शांततेत सासरे एकटेच रडू लागले, कसल्याही शब्दांशिवाय.

शेवटचं कडवं सगळ्या विलापांत एकच असतं: मेलेला आता हिरव्या बागेत, झऱ्याकाठी सुखात बसला आहे. बायकांनी ते उचलून धरायला श्वास घेतला. जाझगुलने मान हलवली आणि पडद्याकडे वळून, हळूच, जवळजवळ बोलल्यासारखी गायली:

"तिथे थंडी किती आहे, बाबा, मला ठाऊक नाही."